चालत्या गाडीतल्या मॅडम

“तुले गाडीत मळमळते काय?”

मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी फोन केला होता तो नेटवर्किंग शिकायचं म्हणून. शिक्षण काय, कॉम्प्युटर कितपत येतो, परीक्षा कधी आहे, असलं काहीतरी विचारतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. मळमळीचं उत्तर तयार नव्हतं.

“नाही,” मी म्हटलं. “घाटातसुद्धा नाही.”

“मंग शुक्रवारी सकाळी बिल्डिंगखाली उभी राह्य. पुस्तक आनलं तरी चालते. उघडाचं नाही.”

आणि फोन बंद. ही त्यांची प्रवेशपरीक्षा. या एका प्रश्नावर त्यांनी भल्याभल्यांना परत पाठवलं होतं, हे मला नंतर कळलं. एका आयटीवाल्यानं फोनवर खोटंच ‘नाही’ सांगितलं होतं. त्याला त्यांनी रिंग रोडवरून अर्ध्या धड्यातून घरी नेऊन सोडलं आणि वर सांगितलं, “बाप्पा, तू यूट्यूबवर शिक. यूट्यूब हलत नाही.”

मॅडम अमरावतीच्या. आता त्या तिकडेच असतात, पण तेव्हा कुवेतमधल्या रिग्गईत राहायच्या. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. नाकावर कायम घसरलेला चष्मा आणि पायात कायम स्पोर्ट्‌स शूज, मग अंगावर पैठणी का असेना. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर कुवेतला आलेल्या. त्यांचे यजमान, आम्हा विद्यार्थ्यांचे काका, एका बँकेत हिशेबाचं काम करायचे. त्या व्हिसावर बाईला नोकरी करता येत नाही. मग रिकाम्या वेळात कुणी केक शिकतं, कुणी मेंदीचे कोन. मॅडम नेटवर्किंग शिकल्या. ऑफिसांनी भंगारात काढलेली यंत्रं काकांकरवी घरी आणवायची, खोलायची, जोडायची, बिघडवायची आणि पुन्हा जोडायची. त्यांच्या घरी चपलांच्या रॅकवर खालच्या कप्प्यात चपला असत आणि वरच्या कप्प्यात दिवे लुकलुकणारे दोन-तीन डबे. बाथरूममधली कपडे वाळत घालायची दोरी म्हणजे नेटवर्कची निळी केबल. “सुतळीपेक्षा बरी,” त्या म्हणत. “चिमटा सरकत नाही.”

माझी गरज साधी होती. मी सालमियातल्या एका खाजगी हॉस्पिटलात एमआरआय टेक्निशियन. पेशंटला मशीनमध्ये घालायचं, प्रतिमा काढायच्या, डॉक्टरकडे पाठवायच्या. त्या वर्षी हॉस्पिटलनं प्रतिमा साठवायची आणि पाठवायची नवीन सिस्टिम घेतली आणि आमच्या साहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावून सांगितलं की आता इतकी माणसं लागणार नाहीत. ही नवी सिस्टिम सांभाळायला आपल्यातलंच एक जण ठेवू, पण त्याच्याकडे नेटवर्किंगची मूलभूत परीक्षा पास झाल्याचं प्रमाणपत्र हवं. बाकीच्यांचं करार संपताना बघू. ‘बघू’ म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना कळलं. इकडे नवऱ्याची कंपनी बंद पडायच्या बेतात. माझीही नोकरी गेली तर इकामा, म्हणजे इथं राहायचा परवानाच गेला. मुलगी नववीत. तिची शाळा मध्येच तोडून सगळं उचलून साताऱ्याला जायचं, हे चित्र रोज डोळ्यांपुढे यायचं.

आणि परीक्षेचं पुस्तक उघडलं की झोप यायची. चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदाच मी अभ्यासाला बसले होते. मुलगी इरा मागून डोकावून म्हणायची, “आई, यू आर रीडिंग द सेम पेज सिन्स मंडे.” खरंच वाचत होते. एका हळदीकुंकवात मी हे रडगाणं गात होते, तेव्हा एकीनं मॅडमचा नंबर दिला. “शिकवतात छान,” ती म्हणाली आणि जरा थांबून पुढे म्हणाली, “म्हणजे, शिकवतात.”

तर शुक्रवारी सकाळी एक लांबलचक, जुनी, पांढरी अमेरिकन गाडी आमच्या बिल्डिंगसमोर येऊन थांबली. स्टिअरिंगमागे मॅडम जेमतेम दिसत होत्या. खाली दोन उशा घेऊन बसलेल्या. मी शेजारी बसले, पट्टा लावला, पुस्तक मांडीवर घेतलं.

“थे पायापाशी ठेव.”

पुस्तक पायापाशी गेलं आणि गाडी निघाली.

“आता सांग, तुह्या घरचा पत्ता काय?”

मी सांगितला. सालमिया, ब्लॉक अमुक, स्ट्रीट तमुक, बिल्डिंग अमुक.

“झालं. अर्ध पुस्तक संपलं तुह्यं.”

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण पुढच्या सिग्नलपर्यंत त्यांनी जे सांगितलं ते मी पुस्तकात आठवडाभर वाचत होते आणि एक अक्षर डोक्यात शिरलं नव्हतं. कॉम्प्युटरचा पत्ता असाच असतो. डावीकडचे आकडे म्हणजे एरिया आणि ब्लॉक, उजवीकडचे म्हणजे बिल्डिंग. दूरच्या माणसाला तुझी बिल्डिंग माहीत असायची गरज नाही, त्यानं सामान सालमियाकडे वळवलं की त्याचं काम संपलं. बिल्डिंग शोधणं हे सालमियातल्या माणसाचं काम. “अन् उद्या तू फरवानियाले राहाले गेली तं पत्ता बदलन. पन सिव्हिल आयडीवरचा तुहा नंबर बदलन काय?”

“नाही.”

“तसाच यंत्राचाबी एक जन्माचा नंबर असते. एक नंबर राहाचा, एक जन्माचा. लोकं याच्यातच गोंधळतात अन् नापास होतात. पोचलं?”

“हो.”

गाडी एकदम कडेला. मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवत गेला.

“हो म्हंजे काय? ऐकलं, का समजलं, का कटकट नको म्हून हो?”

“समजलं.”

“मंग ‘पोचलं’ म्हनाचं. पोचलं म्हनल्याबिगर म्या पुढचं पाठवनार नाही. यंत्रं बी असंच करतात. त्याईले तुह्यापेक्षा शिस्त हाय.”

हे ‘पोचलं’ प्रकरण फक्त विद्यार्थ्यांपुरतं नव्हतं. घरी त्या स्वयंपाकघरातून ओरडायच्या, “दही आना जी!” आणि बाहेरच्या खोलीतून काका शांतपणे म्हणायचे, “पोचलं.” बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, तिथला केरळी दुकानदारही मॅडमनी कोथिंबीर सांगितली की मान न उचलता “पोचलं, चेची” म्हणायचा. चेची म्हणजे त्यांच्याकडची ताई; ‘पोचलं’पलीकडे त्याला मराठी येत नव्हतं.

गाडीच्या खणात खारे फुटाणे असत. उत्तर बरोबर आलं की मूठभर आपल्या हातावर. चुकलं की मॅडम स्वतः खायच्या, आपल्याकडे बघत, सावकाश. पत्त्यांचे भाग पाडायचं गणित शिकत होते त्या दिवसांत त्यांनी एकटीनं अख्खी पिशवी संपवली. फी त्या घेत नसत. गाडीत पेट्रोल टाकून द्यायचं, झालं.

आमच्या शेजारणीला बरेच दिवस वाटत होतं, मी गाडी चालवायला शिकतेय. एकदा तिनं विचारलंच, “अगं, पण मग तू त्या बाजूला का बसतेस?”

हाच प्रश्न पुढे पोलिसानं विचारला.

झालं असं, की एका संध्याकाळी मॅडम मला पाकिटं समजावत होत्या. नेटवर्कवरून जाणाऱ्या प्रत्येक मजकुराच्या तुकड्याला त्या पाकीट म्हणत. रस्ते दाखवणाऱ्या यंत्रांची काही गडबड झाली, हा म्हणतो त्याच्याकडे जा, तो म्हणतो याच्याकडे जा, तर पाकीट गोल फिरत राहतं. मग ते थांबणार कसं? हे मला काही केल्या कळेना. तेव्हा आम्ही रिग्गईतल्या एका मोठ्या दव्वारवर, म्हणजे चौकातल्या गोल बेटापाशी होतो. मॅडमनी माझ्या हातावर फुटाणे ओतले.

“आता मी फिरते. दर फेरीले एक खाय. संपले का सांग.”

आणि आम्ही फिरू लागलो. एक फेरी, एक फुटाणा. दुसरी फेरी, दुसरा फुटाणा. बेटाच्या मधोमध एक खजुराचं झाड होतं, ते सारखं सारखं माझ्या खिडकीतून जात होतं. फुटाणे त्यांनी जरा सढळ हातानं दिले होते. कडेला शावर्माच्या दुकानाबाहेर उभे असलेले दोघे आधी नुसते बघत होते, मग त्यांनी हात हलवायला सुरुवात केली. मॅडमही दर फेरीला हात हलवायच्या. अजून चार-पाच फुटाणे उरले असतील नसतील, तोच मागे निळे-लाल दिवे चमकले.

पोलीस अगदी तरुण होता. खिडकीत वाकून त्यानं अरबीत विचारलं, कुठे निघालात?

“माकू,” मॅडम म्हणाल्या. माकू म्हणजे नाही, काही नाही. कुवेतमध्ये या एका शब्दावर माणूस वर्ष काढू शकतो.

“माकू?” तो म्हणाला. “मग फिरताय कशाला?”

मॅडमनी आपल्या मोडक्या अरबीत सांगितलं की मी शिक्षिका आहे, ही माझी विद्यार्थिनी, तिची परीक्षा आहे. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग स्टिअरिंगकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे.

“ही विद्यार्थिनी?”

“हो.”

“मग ही त्या बाजूला का बसलीय?”

“गाडीची परीक्षा नाही. कॉम्प्युटरची.”

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. मॅडमनी शांतपणे खणातून फुटाण्यांची पिशवी काढून त्याच्यापुढे धरली. त्यानं दोन घेतले, तोंडात टाकले, थोडा विचार केला आणि आणखी दोन घेतले. मग हात जोडल्यासारखं करून म्हणाला, “खाला, खलास.” मावशी, पुरे आता.

गाडी चौकातून बाहेर पडली. मी सुटकेचा श्वास टाकतेय तर मॅडम आनंदानं स्टिअरिंगवर थाप मारून म्हणाल्या, “पाह्य! पाकीट मेलं! अन् मेलं म्हून सांगाले मानूस बी आला! दर चौकात एक आकडा कमी, शून्य झाला का फेकून द्याचं अन् पाठवनाऱ्याले कळवाचं. पुस्तकात हेच लिवलं हाय. पोचलं?”

“पोचलं,” मी म्हटलं. असं पोचलं, की ते आता मरेपर्यंत जाणार नाही.

इतकं सगळं असूनही मी पहिल्या वेळी नापास झाले. अगदी थोडक्यात. कुवेत सिटीत एका ऑफिस टॉवरमध्ये परीक्षेचं केंद्र होतं. मॅडमनीच मला गाडीतून सोडलं. आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना त्या सोडायला जायच्या आणि खाली पार्किंगमध्ये थांबायच्या. मी उतरलेल्या तोंडानं बाहेर आले, गाडीत बसले, आणि म्हटलं, “गेले.”

दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, होतं असं, पुन्हा बस. मॅडमनी चष्मा वर सरकवला.

“कुठी तुटलं थे पाहू. खालून वर. आधी तार. जेवून गेली होती काय?”

“नाही. भीतीनं खाल्लंच नाही.”

“झोपली होती काय?”

“दोन वाजता.”

“मंग वरचं कायले पाहाचं? पहिल्या थरातच बोंब हाय.” आणि त्यांनी गाडी सरळ एका उडप्याच्या हॉटेलापुढे नेऊन उभी केली. मला मसाला डोसा खायला घातला.

नेटवर्कचे थर तपासतात तशी, तारेपासून सुरुवात करून खालून वर बघायची ही त्यांची पद्धत सगळ्यालाच होती. शेजारचं नवराबायकोचं भांडण मिटवायला गेल्या तरी आधी विचारायच्या, एसी चालू आहे ना? दोघं जेवलात ना? निम्मी भांडणं तिथेच मिटायची.

दुसऱ्यांदा परीक्षेला बसायची तारीख घ्यायला मी एकटीच केंद्रावर गेले. हॉस्पिटलच्या साहेबांनी महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणून सांगितलं होतं. त्यानंतर ते दुसरं नाव पाठवणार होते. माझ्यासाठी ही शेवटची संधी होती. काउंटरवर एक गोव्याची मुलगी बसायची. तिनं माझं काम केलं आणि सहज विचारलं, “आंटी, आपकी मॅडम ठीक हैं ना? इस बार भी नहीं आयीं.”

“कुठे नाही आल्या?”

“एक्झाम को. इतनी बार बुक किया. नीचे तक आती हैं, गाड़ी में बैठी रहती हैं, यहाँ से दिखता है, फिर चली जाती हैं।”

मला वाटलं तिची काहीतरी चूक होतेय. मॅडमनी ही परीक्षा द्यायची बाकी आहे, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांनी किती जणांना पास केलं होतं! त्यातले काही आता इथल्या मोठमोठ्या कंपन्यांत होते. त्यांच्या घरात भिंतीवर प्रमाणपत्र नाही हे मी पाहिलं होतं, पण मला वाटायचं, हाही त्यांचा एक विक्षिप्तपणा.

पुढच्या शुक्रवारी गाडीत बसल्याबसल्या मी मॅडमना विचारलं. गाडी सालमियाच्या समुद्रापर्यंत गेली आणि तिथं त्यांनी ती कडेला लावून इंजिन बंद केलं. माझ्या एकाही धड्यात त्यांनी इंजिन बंद केलं नव्हतं.

“थ्या खोलीले खिडकी नाही,” त्या म्हणाल्या.

मी पट्टा सोडून त्यांच्याकडे वळले.

“दार काचेचं हाय. पन लावते थे पोरगी. लावाचंच असते, कायदा हाय त्याईचा. म्या दोन डाव आतपर्यंत गेली. दार लागलं का माह्या छातीत असं कोनी बसल्यावानी होते. अमरावतीले असताना बी व्हायचं. लिफ्टमंदी, बँकेच्या लॉकरमंदी. काहून, मले बी माहीत नाही.” त्यांनी समुद्राकडे बघत चष्मा पुसला. “आमचे हे मले काही विचारत नाहीत. परीक्षेच्या दिवशी मी घरी परत आली का चहा टाकतात. गेली होती काय म्हून आजवर एका शब्दानं विचारलं नाही.”

मी गाडीभर नजर फिरवली. सगळीकडून काच. काच खाली केली की वारा, दार ढकललं की रस्ता. त्या गाडीतच का शिकवतात, हे मला त्या क्षणी समजलं.

“मॅडम,” मी म्हटलं, “मी दिवसभर काय काम करते?”

“फोटो काढते.”

“माणसांना बोगद्यात घालते. नाकापासून एवढ्या अंतरावर छत असतं. आत धाडधाड आवाज होतो. सहा फुटी पैलवान येतात आणि ढसाढसा रडतात. सगळे आत जातात आणि सगळे बाहेर येतात. तुमचं काय घेऊन बसलात?”

मॅडमनी माझ्याकडे वळून पाहिलं. पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर विद्यार्थिनीचा भाव दिसला.

“कसं घालतं त्याईले?”

मग त्या दिवसापासून आमची अदलाबदल झाली. गाडीतले धडे चालूच राहिले, पण आठवड्यातून एक-दोनदा त्या माझ्या घरी यायच्या. आमच्या फ्लॅटला स्वयंपाकघरामागे एक खोली होती, बिनखिडकीची, आम्ही तिथं सुटकेसी आणि तांदूळ ठेवायचो. मी एक खुर्ची आत टाकली. पेशंटला सांगते तसं सगळं सांगितलं. डोळे आत जायच्या आधीच मिटायचे, आत गेल्यावर मिटून उपयोग नाही. भीती येणार आहे, तिला येऊ द्यायचं, ती वर चढते आणि आपोआप उतरते, कायम वर राहत नाही. पाय जमिनीला टेकलेले ठेवायचे आणि लक्ष तळव्यांत ठेवायचं. आणि मुख्य म्हणजे, दार कुणी लावायचं? आपण. दुसऱ्यानं लावलं की कोंडल्यासारखं वाटतं. आपण लावलं की ते नुसतं दार असतं.

पहिल्या दिवशी त्या आत गेल्या, दार लावलं आणि लगेच उघडून बाहेर आल्या.

“तांदळाले पोरकिडे झाले तुह्या.”

“मॅडम.”

“सांगून राहिली फक्त.”

आणि पुन्हा आत गेल्या. मी बाहेर स्टुलावर बसून हॉस्पिटलात माइकवरून बोलते त्या आवाजात बोलत राहायची. छान चाललंय. अजून थोडा वेळ. श्वास नेहमीसारखा घ्या. आतून काही वेळ नुसतं धापा टाकणं ऐकू यायचं. मग एक दिवस ते थांबलं, आणि आतून आवाज आला, “वं, हे सुटकेसीवर कोन्त्या जमान्याचं लेबल हाय?” मी ओळखलं, आता काम झालं. माणूस इकडेतिकडे बघायला लागला की भीती उतरलेली असते.

मॅडमनीही माझ्याच दिवसाची, माझ्याच वेळेची तारीख घेतली. त्या दिवशी आम्ही पोटभर उपमा खाल्ला. मॅडमनी घरून निघताना काकांना नेहमीप्रमाणेच, काही न सांगता, फक्त “येते” म्हटलं होतं. टॉवरच्या पार्किंगमध्ये गाडी लावून त्या बराच वेळ स्टिअरिंग धरून बसल्या. मी घाई केली नाही. पेशंटला घाई करत नाहीत.

“चाल,” शेवटी त्याच म्हणाल्या.

वर गोव्याच्या त्या मुलीला मी हळूच दोन गोष्टी सांगून ठेवल्या. मॅडमना दाराजवळची जागा दे, आणि दार त्यांना लावू दे. तिनं नियमाचं पुस्तक आठवल्यासारखा चेहरा केला. मग म्हणाली, “दरवाज़ा कौन बंद करे, ये तो रूल में नहीं लिखा।” घड्याळं, पाकिटं, चष्म्याच्या डब्या लॉकरमध्ये गेल्या. मी आधी आत शिरले. मॅडमनी दाराबाहेर डोळे मिटले, त्या मुलीचा दंड धरून नवरीसारखी पावलं टाकत उंबऱ्यापर्यंत आल्या आणि दंड सोडून आत शिरल्या. मग डोळे मिटलेलेच ठेवून मागे हात केला आणि दार लावलं. आत बसलेला एक इजिप्शियन तरुण हे सगळं तोंड उघडं टाकून बघत होता.

माझी जागा पलीकडच्या रांगेत. मध्ये पार्टिशन. मला त्या दिसत नव्हत्या, नुसते स्पोर्ट्‌स शूज दिसत होते. दोन्ही बूट जमिनीला घट्ट टेकलेले. मी माझा पेपर सुरू केला. यावेळी अक्षरं पळत नव्हती. पाकिटाच्या प्रश्नापाशी तर मी एकटीच हसले.

अर्ध्याच्या पुढे गेले असेन, तेव्हा मला ते बूट हललेले दिसले. मग पार्टिशनच्या वर एक हात आला. बांगड्या वाजल्या. हात वर करायचा म्हणजे बाहेर काढा, असंच आमचं ठरलं होतं. ती मुलगी बाहेरून काचेतून बघत होती, ती धावतच आत आली आणि मॅडमजवळ वाकली. कुजबुज झाली. मुलगी सरळ उभी राहिली, कपाळाला हात लावला आणि बाहेर निघून गेली. बूट पुन्हा जमिनीला टेकले. मला काही कळेना. नंतर तिनंच सांगितलं. ती धापा टाकत गेली, म्हणाली, आंटी, बाहर आना है? तर मॅडम म्हणाल्या, “नहीं. ये सवाल गलत है. किसको बोलना?”

मी पास झाले. फार चांगले गुण नव्हते, पण पास म्हणजे पास. पुढे हॉस्पिटलातली ती जागा मला मिळाली, इरा दहावी इथंच झाली, आणि आज मी त्याच सिस्टिमपुढे बसून हे लिहितेय. काही बंद पडलं की नवी मुलं आधी सॉफ्टवेअर बघतात. मी टेबलाखाली वाकते.

मॅडम माझ्या आधीच बाहेर आल्या होत्या. काउंटरपाशी उभ्या, हातात निकालाचा कागद, चेहरा लालबुंद. मला वाटलं, गेलं सगळं. मी कागद ओढून घेतला. इतके गुण मी कुणाचे पाहिले नव्हते.

“मॅडम! अहो, पास! किती सुंदर—”

“एकच गेला,” त्या दात आवळून म्हणाल्या. “अन् थो माहा नाही गेला. थो त्याईचा गेला.”

“कुठला प्रश्न?”

“सांगाची मनाई हाय. सही केली म्या.”

आजतागायत त्यांनी तो प्रश्न मला सांगितलेला नाही. सही म्हणजे सही.

लिफ्टनं नको म्हणाल्या, आम्ही जिन्यानं उतरलो. त्या रागारागात पुढे, मी मागे. मधल्या एका मजल्यावर त्या एकदम थांबल्या, पायरीवर बसल्या आणि ओढणीत तोंड घालून रडू लागल्या. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी पर्समधून फोन काढला, काकांचा नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

“तू सांग. मले नाही जमनार.”

“काका,” मी म्हटलं, “मी बोलतेय. मॅडम परीक्षेत पास झाल्या.”

पलीकडे बँकेतला गलका ऐकू येत होता.

“काका, ऐकू येतंय ना? पास झाल्या. खूप म्हणजे खूपच चांगले—”

“थे असू दे,” काका म्हणाले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “आत गेली थे?”

“गेल्या.”

“दार लावलं होतं?”

“लावलं होतं. त्यांनी स्वतः लावलं.”

मग पलीकडून हसू ऐकू आलं. हळूहळू वाढत गेलेलं, भर बँकेत, लोकांसमोर, मोकळं हसू. त्या अबोल माणसाचं हसणं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

“काय म्हनतात?” मॅडमनी ओढणीतून विचारलं.

“हसतायत.”

मॅडमनी फोन माझ्याकडून घेतला, पण कानाला लावला नाही. मांडीवर ठेवला, आणि ते हसणं थांबेपर्यंत आम्ही दोघी त्या जिन्यावर बसून ऐकत राहिलो.